"सीझन चांगला झाला ना" म्हणायचं बंद करा आता

सोमवारी आमची बेसबॉल टीम हरली, तेव्हापासून जो भेटतोय तो एकच वाक्य टाकतोय, "पण सीझन चांगला झाला ना तुमचा!" ऑफिसात तेच, लेकीच्या शाळेच्या पार्किंगमध्ये तेच, काल एकांकडे फराळाला गेलो तर चकलीची प्लेट हातात देता देता पण तेच. कसला चांगला सीझन, अं? आठ आउट राहिले होते. आठ. बेसबॉलमध्ये समोरच्या टीमचे सत्तावीस आउट काढायचे असतात, एकोणीस काढून झाले होते, आपण ३-१ ने पुढे, आणि त्या आठ आउटच्या पलीकडे वर्ल्ड सिरीज होती, म्हणजे इथल्या बेसबॉलची फायनल, जी आमच्या सिएटल मॅरिनर्सने जन्मात खेळलेली नाही. जिंकलेली नाही असं नाही म्हणत मी, खेळलेलीच नाही. हरायला सुद्धा तिथपर्यंत पोचावं लागतं ना.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मेजर लीग, म्हणजे इथल्या बेसबॉलची सगळ्यात मोठी लीग, त्यात ३० टीम. त्यातल्या २९ कधी ना कधी वर्ल्ड सिरीज खेळून आल्यात. राहिली कोण, तर आम्ही. १९७७ पासून. आणि डोक्याला शॉट म्हणजे ज्यांनी सोमवारी घरी पाठवलं ते टोरोंटो ब्लू जेज पण १९७७ चेच, एकाच वर्षी दोन्ही टीम लीगमध्ये आल्या. त्यांनी १९९२ आणि १९९३ ला लागोपाठ दोनदा कप उचलला. आणि व्हँकुव्हर इथून गाडीने तीन तासांवर, त्यामुळे ब्लू जेज सिएटलला आले की अर्धं कॅनडा बॉर्डर ओलांडून आमच्या स्टेडियममध्ये येऊन बसतं, आमच्याच सीटवर, आमच्याच रांगेत गार्लिक फ्राइज घेत, आणि आमच्याच पिचरला ओरडतं. दरवर्षी! आपल्याच घरी पाहुण्यासारखं बसायचं आणि वर गोड हसायचं, कारण काय तर ते बिचारे पोलाइट असतात.

बरं सोमवार कुठला, तर २० ऑक्टोबर २०२५, इकडची लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ. गेम सेव्हन, म्हणजे वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या सेमीफायनलचा सातवा आणि शेवटचा गेम (आधी चार जिंकेल तो पुढे), संध्याकाळी पाचनंतर सुरू. मी पूजेची मांडणी दुपारीच करून ठेवली, लेकीने तर चौरंगाजवळ मॅरिनर्सची टोपी आणून ठेवली आणि मी काढायला लावली नाही, असू दे म्हटलं, लक्ष्मीला काय टीमचं वावडं आहे. पहिल्याच इनिंगमध्ये आमच्या हुलिओचा डबल, म्हणजे एका फटक्यात दुसऱ्या बेसवर, नेलरच्या फटक्यावर तो सगळे बेस फिरून घरी आला, एक रन. तिसऱ्या इनिंगमध्ये हुलिओचा होमरन, आपल्या सिक्सरसारखा, पाचव्यात कॅल रॉलीचा होमरन. ३-१. आरती झाली, प्रसाद झाला, सगळं एक डोळा टीव्हीवर ठेवून. सातवी इनिंग. आमचा ब्रायन वू पिचर. पहिल्याला वॉक दिला, म्हणजे बाहेर बाहेर बॉल टाकून फुकटात पहिला बेस. दुसऱ्याने सिंगल मारला. तिसऱ्याने बंट करून, म्हणजे बॉल नुसता हळूच टेकवून, दोघांना पुढे ढकललं, एक आउट. आता सेकंड आणि थर्डवर माणसं, आणि बॅटिंगला कोण, जॉर्ज स्प्रिंगर. हा तोच स्प्रिंगर ज्याच्या गुडघ्यावर शुक्रवारी वूचाच बॉल बसला होता आणि जो लंगडत बाहेर गेला होता, आणि त्याच्या आधी कित्येक वर्षं ह्यूस्टनकडून खेळताना आम्हाला छळून गेलाय.

आणि आमचा मुन्योझ कुठे? बुलपेनमध्ये, राखीव पिचर बसतात तिथे. टीमचा सगळ्यात भारी रिलीव्हर, म्हणजे मधेच बदली येणारा पिचर, शंभर माईलने टाकणारा, तो बसलाय कारण तो "क्लोजर" आहे आणि क्लोजर नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगला येतो, जणू घटनेतच लिहिलंय तसं. अरे बाबांनो, नववी इनिंग यायला सातवी जगावी लागते! वूच्या जागी बझार्डोला आणलं. दुसरा पिच. स्प्रिंगरने तो लेफ्ट फील्डच्या बाहेर टाकला, तीन रन, ४-३. आणि बरोब्बर त्याच क्षणी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल, सांगलीत सकाळचे आठ-बिठ वाजले असतील, "पूजा झाली का गं? तोंड का असं उतरलंय तुझं?" आता काय सांगू आई तुम्हाला. झाली म्हटलं. नवऱ्याने फोन घेतला माझ्या हातातून आणि दुसऱ्या खोलीत गेला, लग्नाच्या इतक्या वर्षांत इतकं अचूक टायमिंग त्याचं हे पहिलंच.

बझार्डोला शिव्या घालणारे जे आहेत त्यांच्याशी माझं वेगळं भांडण आहे. त्या माणसाने वर्षभर राबून दिलंय, त्याला तिथे उभं करणाऱ्याला विचारा. आणि उभं करणारा कोण, आमचा मॅनेजर डॅन विल्सन, जो स्वतः १९९५ च्या आणि २००१ च्या टीममध्ये कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा, होता, म्हणजे हे दुःख ज्याला आतून माहिती असायला हवं तोच. म्हणून जास्त राग येतो. नवव्या इनिंगमध्ये आमचे तीन जण स्ट्राइक आउट, शेवटचा हुलिओ, आणि पुढचा नंबर कॅलचा, तो बॅट घेऊन ऑन-डेकला उभा. ह्या वर्षी ६० होमरन मारलेला माणूस, एका सीझनमध्ये साठ मारणारा इतिहासातला पहिला कॅचर, आमच्या जुन्या केन ग्रिफीचा ५६ चा टीम रेकॉर्ड मोडलेला, त्याला शेवटची बॅटिंगच मिळाली नाही. कॅलने स्वतः नंतर रडवेल्या आवाजात याला अपयश म्हटलं. तो म्हणतोय अपयश, आणि तुम्ही मला चकली देत सांगताय चांगला सीझन झाला!

आणि गेम सेव्हनपर्यंत जायचंच कशाला होतं? टोरोंटोत जाऊन पहिले दोन गेम जिंकून आलो होतो, २-० पुढे, आता घरी तीन गेम. घरी काय केलं तर १३-४ आणि ८-२ असा मार खाल्ला. मग शुक्रवारचा पाचवा गेम, वर्किंग डे, दुपारी तीनला, मी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून बसलेली, आठव्या इनिंगमध्ये कॅलने होमरन मारून बरोबरी केली आणि मग बेसेस लोडेड, म्हणजे तिन्ही बेसवर माणसं असताना सुआरेझने ग्रँड स्लॅम मारला, एका फटक्यात चार रन, आणि मी म्यूटवर आहे असं मला वाटत होतं. असो. ६-२. आता दोनातला एक गेम जिंकायचा फक्त. रविवारी सहाव्या गेममध्ये काय केलं असेल? लागोपाठ तीन इनिंगमध्ये तीन डबल प्ले, म्हणजे एका फटक्यात आपलेच दोन आउट. त्यात दोन वेळा बेसेस लोडेड! शिवाय फील्डिंगमध्ये तीन चुका. समोर पिचर कोण, तर येसावेज नावाचा पोरगा जो ह्या वर्षीच्या सुरुवातीला बऱ्याच खालच्या लेव्हलच्या मायनर लीगमध्ये टाकत होता. त्याच दिवशी तिकडे पर्थला आपली वनडे गेली आणि इंदूरला मुली इंग्लंडकडून चार रननी हरल्या, म्हणजे रविवार पूर्ण सत्कारणी.

लोक म्हणतात एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी इथे आले २००२ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी ह्या टीमने ११६ गेम जिंकले होते, अमेरिकन लीगचा रेकॉर्ड, जपानी स्टार इचिरोचं इथलं पहिलं वर्ष, आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, न्यूयॉर्क यांकीजने ४-१ ने उडवलं. ऑफिसातले जुने लोक मला म्हणाले, बरोब्बर वेळेला आलीस, आता दरवर्षी प्लेऑफ. मग २० सीझन प्लेऑफचं तोंड दिसलं नाही. वीस! अमेरिकेतल्या चारही मोठ्या लीगमध्ये तेव्हा एवढा उपास दुसऱ्या कोणाचा चालू नव्हता. त्यात आमचा फेलिक्स हर्नांडेझ, २०१२ मध्ये परफेक्ट गेम, म्हणजे समोरच्या एकालाही बेसवर येऊ न देता अख्खा गेम, टाकलेला पिचर, पंधरा सीझन ह्या एकाच टीमसाठी खांदा झिजवला आणि प्लेऑफमध्ये एक बॉल टाकायला मिळाला नाही त्याला. २०२२ मध्ये एकदाचे पोचलो तर ह्यूस्टनविरुद्ध घरचा गेम, बरोबरी सुटेना म्हणून नवाच्या १८ इनिंग, सहा तासांच्या वर, आणि स्कोअर ०-०, ०-०, ०-०, आणि शेवटी त्यांच्या पेन्याने एक होमरन मारला आणि १-० ने हरलो. अठरा इनिंगमध्ये एक रन काढता येऊ नये माणसाला?

आणि मग २०२३. ८८ जिंकले, एका गेमने प्लेऑफ हुकली. तेव्हा टीमचा कारभार बघणारे मोठे साहेब पत्रकारांसमोर काय समजावून सांगतात, की दहा वर्षं सरासरी ५४ टक्के गेम जिंकत राहिलं की कधीतरी वर्ल्ड सिरीज होतेच, आणि फॅन्सना धीर धरायला सांगून आम्ही त्यांच्यावर उपकारच करतोय. उपकार!! नंतर माफी मागितली म्हणा, पण तोंडातून निघायचं ते निघालंच. १६२ गेमचे ५४ टक्के म्हणजे ८७-८८ गेम. अहो ते तर आम्ही करतच होतो की. २०२१ ला ९० जिंकून बाहेर, २०२३ ला ८८ जिंकून बाहेर, २०२४ ला ८५ आणि परत एकाच गेमने बाहेर. म्हणजे पास होण्यापुरते मार्क काढायचे, बॅट्समन घ्यायची वेळ आली की खिशाकडे बघायचं, आणि तिकिटाचा, पार्किंगचा, बिअरचा भाव मात्र पहिल्या नंबराच्या टीमसारखा. माझा राग हरण्यावर नाहीये, हे कोणाला कळतच नाहीये. हरतात लोक. माझा राग ह्या "जवळपास" वर समाधान मानायच्या सवयीवर आहे, जी आधी वरच्या ऑफिसातून सुरू झाली आणि आता फराळाच्या टेबलापर्यंत आलीय.

हे वर्ष वेगळं वाटलं म्हणून तर एवढं लागलं. जुलैमध्ये खरंच पैसे काढले, नेलर आणला, सुआरेझ परत आणला. २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा गट, जिंकली. सप्टेंबरमध्ये कोणी एका फॅनने एट्सी नावाच्या ऑनलाइन बाजारात पैसे भरून एका चेटकिणीकडून टीमसाठी मंत्र टाकून घेतला आणि टीम लागोपाठ दहा गेम जिंकली, आता हसू नका, आपण काय नवस बोलत नाही का. टोरोंटोच्या आधीच्या फेरीत डेट्रॉइटविरुद्ध पाचवा गेम १५ इनिंग, जवळजवळ पाच तास, आमच्या पोलान्कोच्या सिंगलवर ३-२, आमच्या गल्लीत रात्री लोकं बाहेर येऊन ओरडत होती, सिएटलशेजारच्या बेल्व्ह्यूच्या ज्या गल्लीत कोणी कोणाला हाय करत नाही तिथे! स्टेडियममध्ये ती सॅमन माशांच्या वेषातल्या माणसांची शर्यत असते ना, त्यातला हंपी जो कधीच जिंकायचा नाही, तो पण ह्या प्लेऑफमध्ये जिंकला. मासा जिंकला हो. जूनमध्ये आरसीबी जिंकली अठरा वर्षांनी. साऊथ आफ्रिकेने टेस्ट चॅम्पियनशिप जिंकली, ज्यांच्यावर आपण आयुष्यभर जोक मारले. नवरा आरसीबीवाला, तो जूनपासून मला सांगतोय बघ, तुमचा पण नंबर येणार, हे वर्षच तसलं आहे. सोमवारी रात्रीपासून तो काही बोललेला नाही, ते एक बरं आहे.

आता शुक्रवारी, २४ ऑक्टोबर २०२५ ला, वर्ल्ड सिरीज सुरू होतेय, टोरोंटो आणि लॉस एंजेलिसचे डॉजर्स, आणि ऑफिसातले टोरोंटोवाले एक दादा मला म्हणतात आता तुम्ही आम्हाला सपोर्ट करा, शेवटी आपण सगळे एकच. नाही करणार. कुठे लिहून देऊ?

आणि "पुढच्या वर्षी नक्की" वाल्यांना एकच विचारते. २०२५ च्या सीझनबरोबर नेलरचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, पोलान्कोचा करार पण जवळपास संपल्यातच जमा, सुआरेझचं संपलं. नेलर म्हणजे तो गडी जो लीगमधल्या सगळ्यात स्लो पळणाऱ्यांपैकी आहे आणि तरी ह्या वर्षी ३० बेस चोरून बसलाय, म्हणजे फटका नसतानाच पळून पुढचा बेस गाठलाय, नुसत्या डोक्याने. तो गेला तर फर्स्ट बेसवर कोण, ते ५४ टक्के उभे करणार का? आधी त्याची सही घ्या, आकडा बघून घाम फुटला तरी घ्या, आणि मग मला पुढच्या वर्षाचं सांगायला या, तोपर्यंत चिवडा ठेवा आणि विषय बदला.