'होर्वात'वरच्या शंकेबद्दल

नमस्कार. 'होर्वात म्हणजे क्रोएशियन' हे माझं वाक्य तुम्हाला पटलेलं नाही. तुमचं म्हणणं असं, की क्रोएशियात सगळ्यात जास्त आढळणारं आडनावच 'क्रोएशियन' कसं असेल? शिवाय त्यातला 'हो' हंगेरियन आहे, मग ते स्लाव्हिक, म्हणजे क्रोएशियन ज्या भाषाकुळातली आहे त्यातलं, कसलं?

शंका रास्त आहे. एका ओळीत उरकलं, ही माझीच चूक. अर्थ मात्र तोच.

असलं आडनाव माणूस स्वतः घेत नाही, शेजारी चिकटवतात. नागपूरकर सहसा नागपूर सोडल्यावरच होतो. कानडे मला भेटतात ते महाराष्ट्रात. पण होर्वात तर स्वतःच्याच देशात आहेत, असं तुम्ही म्हणाल. इथे आजचा नकाशा फसवतो. पंधराव्या शतकात क्रोएशिया हे नाव दक्षिणेकडच्या, एड्रियाटिक समुद्राकडच्या मुलखाचं होतं. झाग्रेब, वाराझ्दिन हा उत्तरेचा पट्टा तेव्हा स्लाव्होनियात मोडायचा. १४९३ साली क्रबावाच्या मैदानात ऑटोमन तुर्कांनी क्रोएशियन सरदारांची फौज कापून काढली. त्यानंतरही स्वाऱ्या थांबल्या नाहीत, आणि दक्षिणेतली माणसं उत्तरेला सरकत राहिली.

आता असं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. गावात युराय नावाचे तिघे. कुठला युराय? तो, पलीकडून आलेला, होर्वात. १५६३ साली संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं चर्चना बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या नोंदी ठेवायला लावलं. पाद्र्याच्या वहीत एकदा 'होर्वात' चढलं, की नातवंडं तिथलीच झाली तरी ते सुटायचं नाही. शेजारच्या स्लोव्हेनियात पहिल्या क्रमांकाचं आडनाव नोवाक, म्हणजे नवा आलेला, आणि दुसरं होर्वात. दोघेही उपरेच!

'हो'बद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात. प्रमाण क्रोएशियनमध्ये शब्द 'ह्र्वात' असा आहे. तोंडाशीच जोडाक्षर आलं की हंगेरियनला ते जड जातं, म्हणून तिकडे होर्वात. पण उत्तरेतल्या कायकावियन बोलीतही जुनं रूप होर्वातच होतं. त्यामुळे त्या एका स्वरावरून आडनाव हंगेरियन ठरत नाही. मूळ 'ह्र्वात' शब्द बऱ्याच अभ्यासकांच्या मते इराणी वळणाचा आहे, तो वाद वेगळा.

मूळ लेखातली ती ओळ बदलली आहे. 'होर्वाट' करा ही तुमची सूचना मात्र घेतलेली नाही. तिथला त आपल्या तव्यातलाच आहे.