पेंटमधलं ट्रान्स्परंट सिलेक्शन म्हणजे अर्धपारदर्शक नव्हे ओ

गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, जवळ आली की सोलापुरातल्या बॅनरवाल्या पोरांच्या ग्रुपवर तेच फॉरवर्ड फिरायला लागतं, की भारी सॉफ्टवेअर कशाला, विंडोजच्या पेंटमध्ये ट्रान्स्परंट सिलेक्शन चालू करा, रंगीत पट्टीतून मागचा फोटो दिसतो, नाहीतर रंग फिका घ्या, शेवटी फाइल पीएनजी प्रकारात सेव्ह करा, झालं काम.

नाही होत. त्या ऑप्शनचं काम एवढंच की सिलेक्शनमधला कलर २, म्हणजे पेंटमधला मागचा रंग, बहुतेकदा पांढरा, गाळून बाकीचं चिकटवायचं. भगवी पट्टी ठार भगवीच राहते, खालचं सिद्धेश्वराचं देऊळ झाकूनच टाकते. अन गाळतं तेही तंतोतंत पांढरं, त्यामुळं जेपीजी फोटोतला लोगो उचलला की कडेला मळकट पिक्सलची (चित्राच्या बारीक ठिपक्यांची) किनार राहते, ती निम्म्या बॅनरवर बघायला मिळतीच.

फिक्या रंगाचं तर बोलूच नका. लाल रंग (२५५, ०, ०), म्हणजे लाल, हिरवा, निळा किती ते ० ते २५५ मध्ये, पन्नास टक्केच झाकणारा ठेवला तर पांढऱ्यावर तो (२५५, १२८, १२८) होतो, गुलाबी, आणि निळ्यावर (१२८, ०, १२८), जांभळा. म्हणजे प्रत्येक पिक्सलला खाली काय आहे ते बघून हिशोब करावा लागतो, तुम्ही आधीच गुलाबी भरलात तर तो फोटोतल्या तलावाच्या पाण्यावर पण गुलाबीच दिसणार की. आणि पन्नास-पन्नासच्या दोन पट्ट्या एकावर एक टाकल्या की शंभर होतं म्हणणाऱ्यांनी पण ऐका, पंच्याहत्तर होतं, कारण दुसरी पट्टी उरलेल्या अर्ध्याचंच अर्धं झाकते.

पीएनजी पारदर्शकता साठवतं, तयार करत नाही. जेपीजी तर साठवत पण नाही.

आता खरं सांगायचं तर फॉरवर्डवाल्याला थोडे मार्क द्यावे लागतील. पट्टी भगवा-पांढरा, भगवा-पांढरा अशा एक-एक पिक्सलच्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटीनं भरली आणि मग ट्रान्स्परंट सिलेक्शननं चिकटवली तर पांढऱ्या भोकांतून फोटो दिसतो, चादरीत दोन रंगांचे धागे लांबून तिसराच रंग दाखवतात तसं. जुन्या पेंटमध्ये हाच एक जुगाड होता, पण फ्लेक्सवाल्यानं साइज बदलली की त्या चौकटीच्या घाणेरड्या लाटा दिसायला लागतात. त्यापेक्षा इंकस्केप फुकट आहे, त्यात आकार निवडा, ओपॅसिटी (रंग किती झाकतो ते) पन्नास करा. विंडोज ११ च्या पेंटमध्ये पण २०२३ पासून लेयर (एकावर एक ठेवायचे थर) आलेत, जुन्या कॉम्प्युटरवर मात्र ते शोधत बसू नका.