मोबदला जमीनमालकांना मिळाला, गावाला नव्हे
इंडोनेशियात पूर्व जावातील तुबानजवळच्या सुमुरगेनेंग गावाबद्दल ‘तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या मोबदल्याने अख्खे गाव श्रीमंत झाले’ असे लेखात म्हटले आहे, ते पटले नाही. २०२१ मध्ये दारोदार नव्या मोटारी आल्या हे खरे (ते फोटो जगभर फिरले), पण पैसा मिळाला तो ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांनाच. जावाच्या खेड्यांत निम्म्या वाट्याने दुसऱ्याचे शेत कसणारी आणि भातकापणीच्या मजुरीवर जगणारी कुटुंबे पुष्कळ असतात. शेत विकले गेले की त्यांचे काम जाते आणि मोबदल्याच्या यादीत मात्र त्यांचे नाव कुठेच नसते.

जमीन असलेल्यांचेही सगळे सुरळीत नसते. मध्य जावात कापडगिरणीत नोकरीला असताना शेजारच्या आजींनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले ‘गिरिक’ मला दाखवले होते. तो जमिनीचा कर भरल्याचा जुना दाखला असतो, १९६० च्या जमीन कायद्याखाली नोंदलेले मालकीपत्र नव्हे. साहजिकच दलाल अशा जमिनीचा भाव पाडूनच मागतो. अशा जमिनींवर येणाऱ्या कारखान्यांतल्या कायम नोकऱ्या जमीनमालक आणि भूमिहीन या दोन्ही गटांपैकी कुणाला मिळाल्या, हे लेखकाने विचारायला हवे होते.