एचआयव्हीचे कवच केंद्रकाबाहेरच गळून पडते का?

एचआयव्हीचे शंकूच्या आकाराचे कवच पेशीद्रवातच विरघळते आणि पेशीच्या केंद्रकात फक्त आतला जनुकीय ऐवज शिरतो, हे विधान पाठ्यपुस्तकांपासून परीक्षेच्या टिपणांपर्यंत सगळीकडे आढळते. त्यासाठी दिली जाणारी कारणे आता टिकत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिले कारण मापाचे. कवच रुंद बाजूला सुमारे ६० नॅनोमीटर आणि केंद्रकाच्या आवरणातील छिद्राची (केंद्रकछिद्राची) मधली वाट जेमतेम ४०, मग ते आत जाणार कसे? पण ही ४० ची मोजणी पेशीतून वेगळ्या काढलेल्या केंद्रकावरणावरची आहे. २०२१ मध्ये जर्मनीतील हायडलबर्गच्या संशोधकांनी संसर्ग झालेल्या टी-पेशी (एचआयव्ही ज्यांना लक्ष्य करतो त्या पांढऱ्या रक्तपेशी) गोठवल्या, आयनझोताने तासून त्यांचा पातळ पापुद्रा केला आणि छिद्र जागच्या जागी क्रायो-इलेक्ट्रॉन टोमोग्राफीने (गोठवलेल्या नमुन्याची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने त्रिमितीय प्रतिमा घेण्याच्या तंत्राने) मोजले, तेव्हा व्यास सुमारे ६४ नॅनोमीटर भरला. त्याच अभ्यासात विषाणूचा चमकणारा ठिपका आधी प्रकाश-सूक्ष्मदर्शकाखाली हेरून नेमकी तीच जागा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता छिद्राच्या पोकळीत अख्खा शंकू दिसला.

केंद्रकात कवचाचे प्रथिन ते हेरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांना सापडत नाही, हे दुसरे कारण. केंद्रकात पेशीचेच सीपीएसएफ६ हे प्रथिन कवचाभोवती दाटते आणि प्रतिपिंडाची बसण्याची जागा झाकते. ते दूर सारणारे पीएफ७४ हे रसायन दिले की संकेत उजळतो. पेशी फोडून अर्क तपासण्याची जुनी पद्धतही इथे अपुरी पडते, कारण कवच नाजूक असते आणि डिटर्जंटमध्ये विस्कटते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो: पेशीत शिरलेले बहुतेक विषाणूकण निष्फळच ठरतात, तेव्हा आत दिसलेली कवचे त्यांचीच नसतील कशावरून? याचे उत्तर स्थिर चित्रांतून मिळत नाही, त्यासाठी जिवंत पेशीच हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील विनय पाठक यांच्या गटाने २०२० मध्ये कवचाला हिरवे चमकणारे प्रथिन जोडून एकेका कणाचा माग काढला आणि ज्या कणांतून पुढे खरोखर विषाणूचा आरएनए तयार झाला, तेवढेच निवडले. त्यांची कवचे केंद्रकातच, जनुकीय जोडणीच्या (विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत जोडला जाण्याच्या) जागेपासून दीड मायक्रोमीटरच्या आत आणि जोडणीपूर्वी दीड तासापेक्षा कमी वेळात उघडली.

जुन्या विधानातले एवढे मात्र खरे की, कवच अखेरीस उघडावेच लागते; हायडलबर्गच्या चित्रांत केंद्रकाच्या आत फुटके, आतून रिकामे शंकूही दिसले आहेत.