मांडीतला रॉड गंजत नाही

‘मांडीत रॉड बसवला की पाय कायमचा अधू, दीड वर्षात काढला नाही तर आत गंजतो’ असा मेसेज सध्या फिरतोय. फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते, यातलं काहीही खरं नाही.

हाडाच्या पोकळीत सळई बसवण्याची पद्धत जर्मनीच्या गेरहार्ड क्युंटशर यांनी 1939 च्या सुमारास सुरू केली. आजचे रॉड टायटॅनियमचे किंवा शरीरात न गंजणाऱ्या स्टीलचे असतात. तरुणांत मांडीच्या हाडाचा मधला भाग मोडला असेल, तर बहुतेक वेळा तो चार ते सहा महिन्यांत नीट जुळतो. रॉड त्रास देत नसेल तर मोठ्या माणसाचा काढावाच लागतो असं नाही. लहान मुलांच्या लवचिक सळया मात्र बहुधा काढतात.

मग पाय अधू का राहतो? माझ्याकडे आलेल्या 22 वर्षांच्या मुलाच्या मांडीला टेप लावली तर ती दुसरीपेक्षा चार सेंटीमीटर बारीक. भीतीपोटी घरच्यांनी त्याला तीन महिने खाटेवरून उतरूच दिलं नव्हतं! हाड जुळलं होतं, गुडघा वाळल्या लाकडासारखा आखडला होता.

मांडीच्या हाडाची खुब्याजवळची मान, म्हणजे गोल डोक्याखालचा निमुळता भाग, मोडली तर गोष्ट वेगळी. तिथे रक्तपुरवठा तुटून काही वर्षांनीही सांधा खराब होऊ शकतो, म्हणून तपासण्या चुकवू नका. पाऊल बाहेर किंवा आत वळलेलं वाटलं, लंगडणं थांबेना, तर लगेच दाखवा. आणि तंबाखू, सिगारेट बंदच. हाड जुळायला त्यानेही उशीर होतो.