पीस स्टेशनवर झिजलेले गुडघे

आज सकाळी तात्यांच्या अपंगत्व पेन्शनच्या अपिलाचे उत्तर आले. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. पायदळात 24 वर्षे काढून 2022 मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले. पोस्टमनची हाक ऐकून ते माडीवरून खाली आले, आणि नेहमीप्रमाणे उलटे आले, म्हणजे तोंड जिन्याकडे, दोन्ही हात कठड्यावर आणि एकेक पायरी पायाने चाचपत. सरळ उतरायला गेले की गुडघ्यात सुरी फिरल्यासारखे होते. पत्र इंग्रजीत असल्याने मी वाचून दाखवले. दोन पानांचा मथितार्थ असा की दोन्ही गुडघ्यांचा झिजेचा संधिवात लष्करी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही, कारण त्याची सुरुवात पीस स्टेशनवर, म्हणजे सीमेपासून दूरच्या शांत छावणीत झाली; सबब अपील फेटाळण्यात येत आहे.

सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेने वाढवलेलाही नाही, या निष्कर्षाच्या इंग्रजी आद्याक्षरांचा फौजेत ‘नाना’ असा उच्चार होतो. आपल्याकडे नाना म्हणजे घरातले वडीलधारे माणूस. तिथे ‘नाना’चा शिक्का बसला की माणसाची फाइल बंद होते.

मला राग आला तो त्या ‘पीस स्टेशन’चा. गुडघ्यातल्या कूर्चेला ना रक्तवाहिन्या असतात ना मज्जातंतू. म्हणजे ती झिजत असताना दुखत नाही आणि एकदा झिजली की नीट भरून येत नाही. दुखणे सुरू होते तोवर आतले नुकसान बरेच पुढे गेलेले असते. मग पहिली कळ कोणत्या छावणीत आली यावरून झीज कुठे झाली, हे कसे ठरते? तात्यांनी उंचावरच्या चौक्यांवर पाठीवर ओझे घेऊन वर्षानुवर्षे चढउतार केली. तिथे एक्स-रेचे यंत्र नव्हते. ते होते पीस स्टेशनच्या इस्पितळात, म्हणून आजार तिथे नोंदला गेला. जिथे नोंद झाली तिथेच आजार जन्मला, असे म्हणणारा माणूस एकतर गुडघ्याविषयी काही जाणत नाही किंवा सगळे जाणून लिहितो, आणि मला दुसरी शक्यता अधिक खरी वाटते.

आधी दाखवले का नाही, असा प्रश्न साहजिक आहे आणि मेडिकल बोर्डानेही तो विचारला होता. ज्यांच्या घरात कोणी फौजेत आहे त्यांना उत्तर सांगावे लागणार नाही. एमआय रूममध्ये, म्हणजे पलटणीच्या दवाखान्यात, वारंवार गेले की माणूस कामचुकार ठरतो. तपासणीत काही निघाले की ‘शेप-वन’ हा पूर्ण तंदुरुस्तीचा दर्जा जातो, कॅटेगरी डाउन होते आणि बढती अडकते. तात्यांना नाईकचा हवालदार व्हायचे होते, घरी दोन मुलींची शिक्षणे होती. त्यांनी बाम चोळला, गुडघ्याला पट्टी बांधली आणि बीपीईटी या शारीरिक क्षमता चाचणीच्या पाच किलोमीटरच्या धावण्यात पास होत राहिले. धावू शकले म्हणून त्यांना काही झाले नव्हते, आणि पुढे धावता आले नाही तेव्हा जे झाले ते सेवेमुळे नव्हते.

आता यातला सर्वांत चीड आणणारा भाग. निवृत्तीच्या वेळच्या ज्या मेडिकल बोर्डाने ‘नाना’ लिहिले, त्याच बोर्डाने त्यांना आजन्म 20 टक्के अपंगत्व असल्याचेही लिहून दिले आहे. म्हणजे अपंगत्व मान्य, फक्त ते कोणाचे हे मान्य नाही. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. त्या हिशेबाने 20 टक्क्यांना पगाराच्या 6 टक्के. ‘राउंडिंग ऑफ’ने, म्हणजे टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेऊन, 20 चे 50 धरले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये राम अवतार प्रकरणात तो लाभ मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला आहे, तर 15 टक्के होतात. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्याच न्यायालयाने 2013 मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले होते की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे मानावे, नंतरचा बिघाड सेवेमुळे झाला असे धरावे, आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी जवानावर टाकू नये. तात्यांच्या पत्रात या निकालाचा उल्लेखसुद्धा नाही.

गणवेश कधीही न घातलेल्यांचेही गुडघे झिजतात, हे मला कबूल आहे. निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व ‘मिळवणारे’ काही जण असतात, अशी कुजबुजही मी ऐकलेली आहे. असतील. पण ते शोधून काढण्याऐवजी माडीवरून उलट्या पावलांनी उतरणाऱ्या माणसाला खोटे ठरवायचे, ही कसली दक्षता?

मी हे सगळे तावातावाने बोलत होते तेव्हा तात्या शांतपणे पत्राची घडी घालत होते. मागे एकदा मी त्यांना विचारले होते की असे उलटे उतरायला कोणी शिकवले. ते म्हणाले, “अगं, बर्फात कडा उतरताना असंच उतरतात. तोंड डोंगराकडं ठेवायचं.” आज ते एवढेच म्हणाले की साहेब लोकांनी नियमानेच लिहिले असेल. या माणसाचा संस्थेवरचा विश्वास अजून शाबूत आहे आणि त्याचेच मला जास्त वाईट वाटते, कारण 2015 मध्ये मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना नेमलेल्या तज्ज्ञ समितीने अपंग सैनिकांना कोर्टकचेऱ्यांत खेचणे थांबवा असे सांगितले होते, आणि तरीही आज आमच्या टेबलावर हे पत्र आहे.

दुसरे अपील सहा महिन्यांच्या आत करायचे आहे. तेही फेटाळले तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जाऊ. बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मिळावी म्हणून मी आजच अर्ज लिहिला आणि त्यावर तात्यांची सही घेतली. हे वाचणाऱ्यांत तात्यांच्या पलटणीतले काही जण आहेत, हे मला ठाऊक आहे. त्या चौक्यांवर कोण किती ओझे घेऊन किती वेळा चढत असे, हे प्रतिज्ञापत्रावर लिहून देण्याची आपली तयारी असल्यास कृपया मला मेसेज करावा. तात्यांना मी हे विचारलेले नाही. त्यांना आवडणार नाही.