‘मधला माणूस हवाच कशाला?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सार्वजनिक जागेतल्या कलेला चित्रकार आणि महापालिका पुरे, क्युरेटर (कोणतं काम कुठे आणि कसं उभं करायचं हे ठरवून ते पार पाडणारा) हा फुकटचा मधला माणूस. सांगलीत पुरापुढे काही टिकत नाही, भिंतीवरची चित्रं वर्षभरात सोलवटतात. आणि बी.एफ.ए. (ललित कलेची पदवी) झालेल्या तुमच्या भाचीने या वाटेला जाऊ नये.

आधी पुराचं. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे 45 फूट आहे. निळी पूररेषा ही 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, आणि तिच्या आत पक्क्या बांधकामाला मनाई असते. म्हणून घाटावर काँक्रीटचा चौथरा ओतून शिल्प बसवू म्हणणाऱ्याला पहिल्याच बैठकीत थांबवावं लागतं. तिथे चालेल ते नटबोल्टवर उभं, चौघांना सुटं करून उचलून नेता येईल असं काम. ते पावसाळ्याआधी काढायचं, आणि ठेवायची खोलीही उभारण्याआधीच ठरवायची. जर्मनीत म्युन्स्टरला 1977 पासून दर 10 वर्षांनी शहरभर शिल्पं मांडतात आणि त्यांतली बरीचशी नंतर काढतात. कायम टिकलं तरच काम खरं, हे मला पटत नाही.

आता सोलवटलेली भिंत. दोष बहुतेक वेळा रंगाचा नसतोच. भिंतीमागच्या मातीतली ओल क्षार घेऊन पुढे येते, गिलाव्यावर लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटतो, रंगाला आतून ढकलतो आणि पोपडे सुटतात. नव्या गिलाव्यावर पाणी मारून झाल्यावरही एकूण 28 दिवस जाऊ द्यावेत. जुने चुन्याचे हात असतील तर खरवडून काढावेत, नाहीतर अ‍ॅक्रिलिक रंग चुन्यासकट निघतो. मग दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून भिंतीवर लावायचं आणि दुसऱ्या दिवशी पाहायचं. आतून दव धरलं असेल तर प्रायमरचा डबा उघडायचाच नाही. अशी भिंत सोडावी, किंवा पुढे दोन इंच पोकळी ठेवून चौकट बसवावी आणि तिच्यावरच्या पत्र्यावर चित्र काढावं. चित्रकाराला भिंत हवी असते, महापालिकेला उद्घाटनाची तारीख. ‘ही भिंत नको’ म्हणायला तिसरा माणूस, म्हणजे क्युरेटर लागतो, आणि ते त्याने परांची बांधण्याआधी म्हणायला हवं.

क्युरेटरचं दुसरं काम कागदाचं. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं कांस्य भित्तिशिल्प 1979 मध्ये काढलं गेलं, त्याची मोडतोड झाली. प्रकरण न्यायालयात गेलं. शिल्पाचे अवशेष कलाकाराला परत द्या आणि 5 लाख भरपाई द्या, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल यायला 2005 उजाडलं. म्हणून काम उभं करतानाच ते काढायचं कसं हे करारात लिहावं: नोटीस किती दिवसांची, खर्च कुणाचा, आणि परत न्यायचा पहिला हक्क कलाकाराचा.

‘मधला माणूस’ हा तुमचा शब्द एका ठिकाणी मात्र अगदी लागू पडतो. क्युरेटर परांची, रंग, छपाई यांच्या बिलांवर टक्केवारी घेत असेल तर तो दलालच. फी ठरीव असावी, तीन हप्त्यांत: करारावर, काम उभं राहिल्यावर, आणि शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर पाहणी करून.

भाचीबद्दल. पगारी जागा थोड्या, त्याही बहुतेक मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांत आणि गॅलऱ्यांत. सांगलीत राहून करायचं तर जोडीला शिकवणं किंवा डिझाइनचं काम धरावंच लागेल, हे तिला स्पष्ट सांगा. पण अडवू नका. सांगली-मिरजेतले पुतळे आणि भित्तिचित्रं घेऊन तिला आजच स्थिती-अहवाल करता येतील. प्रत्येक कामाचे चारही बाजूंनी फोटो, तडा असेल तर शेजारी मोजपट्टी धरून. साहित्य कोणतं, पाणी कुठे साचतं, मालकी कुणाची, शेवटची डागडुजी कधी झाली. असे दहा अहवाल नीट झाले की ते घेऊन महापालिकेच्या बांधकाम विभागात जावं आणि डागडुजीचं अंदाजपत्रक कसं करतात ते तिथल्या अभियंत्याकडून शिकून घ्यावं.